लेकीला शहरात पाठवताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं' असा विषय दिला होता. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईला दुसरा कोणता विषय देणार म्हणा! पण आपला व्हॉट्सअॅप ग्रुप सुरू झाल्यापासून मला ज्यांचे ज्यांचे फोन आले, त्यांतल्या एकानंही मला कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल विचारलं नाही. बहुतेकांचा प्रश्न एकच होता. "पोरगी बारावी झाली. पुण्याला ठेवावं म्हणतोय. सेफ राहील का गं?" कुणी पुण्याऐवजी संभाजीनगर म्हणालं, कुणी मुंबई. मी प्रत्येकाला वसतिगृह, मेस, भाडं असं सगळं सांगितलं. पण प्रश्नाचं खरं उत्तर फोनवर पाच मिनिटांत देण्यासारखं नव्हतं. म्हणून संयोजकांच्या पाया पडून विषय बदलून घेतला.

आज मी शकुंतला कुलकर्णी या मुंबईच्या कलावंत बाईंबद्दल बोलणार आहे. इंजिनियरनं चित्रकारावर बोलावं हे थोडं विचित्र वाटेल. पण लेकीच्या सुरक्षिततेचा विचार करायला मला जी सगळ्यांत चांगली वस्तू सापडली ती त्यांच्या कामात सापडली, म्हणून हा खटाटोप.

आपल्याला चित्रकला म्हटलं की काय आठवतं? शुक्रवारचा तास, टेबलावर ठेवलेला माठ, त्याच्यामागं लटकवलेली चादर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. स्मरणचित्राला 'आठवडी बाजार' नाहीतर 'बसस्थानक' हमखास यायचं आणि आपण सगळे एकसारखंच काढायचो. पुरुष पारावर बसलेले, विडी ओढणारे, गप्पा मारणारे. बाई मात्र कधी रिकामी नसायची. डोक्यावर पाटी, काखेत लेकरू, हातात पिशवी. हे आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं. आपण जे बघत होतो तेच काढत होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडं येणार आहे.

शकुंतलाबाईंचा जन्म १९५० चा, धारवाडचा. शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात. मुंबईतच राहून त्यांनी काम केलं. सुरुवात चित्रांपासून झाली, पण त्या चित्रांपाशी थांबल्या नाहीत. शिल्प, व्हिडिओ, आणि ज्याला आज परफॉर्मन्स म्हणतात तो प्रकार, म्हणजे स्वतःचं शरीरच कागदासारखं वापरायचं, असं करत करत त्या पुढं गेल्या. विषय मात्र फिरून फिरून तोच: बाई, तिचं शरीर आणि तिला मिळणारी जागा. घरातली जागा, रस्त्यावरची जागा, शहरातली जागा.

त्यांचं ज्या कामासाठी जास्त नाव झालं ते २०१० ते २०१२ या काळातलं. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ साधारण असा: शरीरं, चिलखतं आणि पिंजरे. मुंबईत फोर्ट भागात केमोल्ड प्रेस्कॉट रोड नावाची कलादालनाची जुनी संस्था आहे. गांधी दांपत्यानं १९६३ मध्ये ती जहांगीर कलादालनाच्या इमारतीत सुरू केली होती. तिथं हे काम मांडलं गेलं.

काम काय होतं? शकुंतलाबाईंनी वेताची चिलखतं तयार केली. लढाईत योद्धे घालतात तशी. डोक्यावर शिरस्त्राण, छातीवर कवच, कमरेखाली घेरदार सांगाडा. त्यांत वेगवेगळ्या देशांतल्या योद्ध्यांच्या पोशाखाची छाप आहे, दागिन्यांचीही आहे. मग ती चिलखतं त्यांनी स्वतः अंगावर चढवली, मुंबईतल्या रस्त्यांवर आणि सार्वजनिक जागांवर जाऊन उभ्या राहिल्या आणि तसे फोटो काढून घेतले. त्या वेळी त्यांचं वय साठीचं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण फोटो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वीस वर्षांची मुलगी येते. इथं साठ वर्षांची बाई आहे. ती हसत नाही, सजलेली नाही. तुमच्याकडं सरळ बघते.

आता वेताबद्दल दोन शब्द. या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला वेत माहीत आहे, आणि तो कुठं माहीत आहे हे सरांसमोर सांगायची गरज नाही. तळहात अजून आठवण काढतात. वनस्पतिशास्त्रात बघाल तर वेत हा ताडामाडाच्या कुळातला, पण वेलासारखा दुसऱ्या झाडांवर चढत जातो. बांबू आतून पोकळ असतो, वेत भरीव असतो. त्यामुळं भिजवून, ऊब देऊन वाकवला की हवा तसा वळतो आणि वाळला की त्या आकारात घट्ट बसतो. खुर्च्या, झोपाळे, टोपल्या याच गुणामुळं होतात. शकुंतलाबाईंनी हे काम वेतकाम जाणणाऱ्या कारागिरांना सोबत घेऊन केलं.

पण लोखंड, चामडं सोडून वेतच का? मला जे दिसलं ते सांगते. लोखंडी चिलखत घातलं की आतलं माणूस दिसत नाही. वेताच्या कांबींमधून आतली बाई पूर्ण दिसते. म्हणजे तुम्हांला एकाच वेळी दोन गोष्टी दिसतात. जरा लांबून बघितलं तर वाटतं, काय दणकट बाई आहे, हिच्या अंगाला कोण हात लावणार! आणि जवळून बघितलं तर तिच्या तोंडासमोर गज आहेत. आपल्याकडं कोंबड्या झाकायला डालं असतं ना, तसं. डाल्याखालची कोंबडी मांजरापासून सुरक्षित असते, खरं आहे. पण तिला डाल्याएवढंच अंगण मिळतं.

एकच वस्तू चिलखतही आहे आणि पिंजराही आहे. ती चिलखत कुठं संपते आणि पिंजरा कुठं सुरू होते, हे सांगता येत नाही. या बाईंच्या कामाचं सार मला एवढंच कळलं आणि एवढंच आज तुमच्या पदरात टाकायचं आहे.

आता आपल्याकडं येऊ. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते जिथं एकमेकांना छेदतात तो आपला चौक. आपल्या वर्गात मुली होत्या अठरा. शाळा सुटली की आम्ही त्या चौकातून घोळक्यानं जायचो. एकटी कधीच नाही. ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना. मान खाली. हसायचं नाही, कारण हसलं की कुणीतरी म्हणणार, "बघून हसली." दिवस मावळायच्या आत घरात. घोळका, पिना, खाली मान आणि दिवसाचा उजेड, असं आमचं चार पदरी चिलखत होतं. ते आमच्या आयांनी मायेनं घातलेलं होतं, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण त्या चिलखतातल्या अठरा जणींपैकी दहावीनंतर गावाबाहेर शिकायला गेलो आम्ही तिघी. उरलेल्या पंधरांत माझ्यापेक्षा गणितात हुशार असलेल्या निदान चौघी होत्या, हे सरांना विचारा, सर सांगतील. त्यांना कुणी वाईट वागवलं नाही. त्यांना जपलं. जपता जपता त्यांची शाळा सुटली.

शहरात गेलं की चिलखत निघतं असं समजू नका. तिथं ते नव्या प्रकारचं असतं. वसतिगृहाचं फाटक मुलींसाठी रात्री ठरल्या वेळेला बंद. मुलांसाठी अर्थातच उघडं. बसमध्ये पाठीवरची बॅग पुढं घ्यायची, म्हणजे छातीला आड होते. कानात इअरफोन घालायचे, पण गाणं लावायचं नाही, मागून कुणी येतंय का ते ऐकू यायला हवं. रिक्षात बसल्यावर कुणाशीही बोलत नसताना फोनवर मोठ्यानं म्हणायचं, "हो दादा, पोचतेच पाच मिनिटांत." इथं बसलेल्या माझ्या मैत्रिणी मान हलवताहेत. ज्या हलवत नाहीत त्या नवऱ्याकडं बघताहेत, की यांना हे माहीत होतं का! मित्रांनो, बहुतेक तुम्हांला माहीत नसतं. चिलखत घालणाऱ्यालाच त्याचं वजन कळतं. शकुंतलाबाईंचे फोटो बघताना हे पटकन ध्यानात येतं. एवढा सांगाडा अंगावर घेऊन ही बाई पळेल कशी, वाकेल कशी, दमून बसेल कुठं?

कायदाही याच पेचात सापडलेला दिसतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत कामावर ठेवायचं असेल तर तिची संमती लागते, आणि तिच्या संरक्षणाची, घरी पोचवण्याची सोय मालकाला करावी लागते. ही सोय हवीच. मी स्वतः त्या गाड्यांतून रात्री दोन-दोनला घरी आले आहे. पण काही ठिकाणी याचा परिणाम असा होतो की साहेब म्हणतात, बाईला ठेवलं तर गाडी आली, रखवालदार आला, कशाला भानगड, त्यापेक्षा या कामावर मुलालाच टाका. मोठं काम हातचं जातं ते असं. मुंबईत ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरीवली अशी फक्त बायकांसाठीची लोकल सुरू झाली. तिनं हजारो जणींच्या नोकऱ्या टिकवल्या असतील. तरी तिच्याकडं बघताना मला वाटतं, बाकीच्या गाड्यांत बाईनं निर्धास्त बसावं यासाठी आपण काय केलं?

आमच्या धंद्यातलं एक उदाहरण देते. संगणकाच्या सुरक्षेबद्दल आम्ही गमतीनं म्हणतो की सगळ्यांत सुरक्षित संगणक म्हणजे बंद करून कपाटात ठेवलेला संगणक. त्याला कुणी हात लावू शकत नाही, पण त्याचा उपयोगही शून्य. दुसरी गोष्ट आम्ही अनुभवानं शिकलो. सुरक्षा फार जाचक केली की लोक तिला वळसा घालतात. दर पंधरा दिवसांनी नवा पासवर्ड मागा, लोक तो चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवतात. मुलींचंही तेच होतं. दर तासाला लोकेशन मागणारा बाप असला की पोरगी फोन मैत्रिणीच्या खोलीवर ठेवून बाहेर पडते. आता ती जिथं आहे तिथं फोनही नाही. बापाचं समाधान झालं, पण पोरगी आधीपेक्षा जास्त उघड्यावर आली.

मघाशी स्मरणचित्राची गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईचा अभ्यास करून २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बाईला शहरात बाहेर पडता येतं, पण काहीतरी काम दाखवावं लागतं. ऑफिसला चालले, भाजी आणायला चालले, लेकराला शाळेतून आणायला चालले. काहीही काम नसताना, नुसतं बरं वाटतं म्हणून, पुरुष जसा नाक्यावर उभा राहतो तसं बाईला उभं राहता येत नाही. वाचलं आणि मला आपली ती सगळी स्मरणचित्रं आठवली. डोक्यावर पाटी, काखेत लेकरू. आपण बारा-तेरा वर्षांचे असताना तेच काढत होतो. बाई बाजारात दिसली तर तिच्या हातात सामान हवं.

आज संध्याकाळी घरी जाताना चौकातल्या चहाच्या हॉटेलांकडं एकदा बघा. किती बायका नुसत्या चहा पीत बसल्यात ते मोजा. बोटं लागणार नाहीत.

बंगळुरूला जस्मीन पथेजा नावाच्या कलावंत बाईंनी २००३ मध्ये 'ब्लँक नॉइज' नावाचं काम सुरू केलं. त्यातला एक उपक्रम मला फार आवडतो. बायका ठरवून सार्वजनिक बागेत जातात आणि झाडाखाली झोपतात. बस्स, झोपतात. पुरुष दुपारी बागेत पंचा तोंडावर घेऊन झोपलेला असतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. बाई झोपली की लोक थांबून बघतात. शकुंतलाबाई चिलखत घालून रस्त्यावर उभ्या राहतात, या बायका चिलखत काढून गवतावर आडव्या होतात. मला दोन्हींत एकच प्रश्न दिसतो: या गावात, या शहरात माझी जागा कुठं आहे?

आता तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, हे सगळं मोठ्या शहरातल्या, पैसेवाल्या बायकांचं. २०२४ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये 'दिओर' या जगप्रसिद्ध कंपनीच्या फॅशन शोची मांडणी शकुंतलाबाईंच्या याच वेताच्या चिलखतांनी झाली. त्या कंपनीचे कपडे आपल्याला घ्यायचे म्हटलं तर सातबारा गहाण ठेवावा लागेल. तेव्हा हा आक्षेप मला मान्य आहे. कलादालनाची काचेची दारं आपल्यासारख्यांना आपोआप उघडी वाटत नाहीत, मलाही वाटली नव्हती.

पण शरीर आणि चिलखताचा प्रश्न शहरातला म्हणून सोडून देता येत नाही, कारण तो आपल्या जिल्ह्यात कोयत्याच्या धारेवर उभा आहे. दिवाळी झाली की आपल्या गावांतून बैलगाड्या, ट्रॅक्टर निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. आधी उचल, मग मुकादम, खाडा झाला तर पैसे कापले. तिथं बाईला न्हाणीघर नाही, संडास नाही, दार लावायला खोली नाही. पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. त्या वेळी आपल्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे साधारण सहा जणींत एक. या बायकांना कुणी वेताचं सोडा, कसलंच चिलखत दिलं नाही. खाडा नको म्हणून शरीराचाच एक भाग काढून ठेवला. शहरात लेकीला जपायचं म्हणून आपण रात्र रात्र जागतो, आणि आपल्या बांधावरून जाणाऱ्या बाईच्या शरीराकडं आपलं लक्ष नसतं. म्हणून म्हणते, जपणं म्हणजे नेमकं काय, हे आपल्याला पुन्हा एकदा तपासायला हवं.

चिलखत नकोच, असं मी म्हणत नाही. जग जसं आहे तसं आहे. सावित्रीबाई फुले १८४८ मध्ये पुण्यात शिकवायला जायच्या तेव्हा लोक शेण, चिखल फेकायचे, म्हणून त्या सोबत दुसरी साडी न्यायच्या, हे आपण पाचवीपासून ऐकत आलो. ती दुसरी साडी हे त्यांचं चिलखतच होतं. पण त्या साडीनं त्यांना घरात बसवलं नाही, तिच्यामुळं त्या शाळेत पोचल्या.

दुसरं उदाहरण राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवींचं. गावात बालविवाह होऊ नये म्हणून काम करणारी ही बाई. १९९२ मध्ये त्यासाठीच तिच्यावर अत्याचार झाला. ती गप्प बसली नाही. त्या प्रकरणातून १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि पुढं २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कंपनीत आज त्यासाठी अंतर्गत समिती लागते. मी ज्या वातानुकूलित कचेरीत बसते तिथलं माझं चिलखत एका खेड्यातल्या बाईनं स्वतः सोसून घडवलेलं आहे. आणि ते घालून मला कुठं अडकायला होत नाही.

मग चांगलं चिलखत ओळखायचं कसं? शकुंतलाबाईंच्या कामावरून मी माझ्यापुरते तीन प्रश्न काढले. हे माप कुणाच्या अंगाचं आहे, तिच्या की आपल्या भीतीच्या? ते तिला स्वतःला घालता-काढता येतं का? आणि ते घातल्यावर ती पुढं जाते की जागच्या जागी उभी राहते? शकुंतलाबाईंनी चिलखत स्वतःच्या मापानं, स्वतःच्या मर्जीनं केलं, घालून घराबाहेर पडल्या आणि काम झाल्यावर उतरवून ठेवलं. आपल्या लेकींना निदान एवढं मिळावं.

म्हणून ज्यांनी ज्यांनी मला फोन केला त्यांना आज सगळ्यांसमोर उत्तर देते. पोरीला पाठवा. शहर सुरक्षित आहे असं मी सांगणार नाही, आपलं गाव सुरक्षित आहे असंही सांगणार नाही. पाठवताना सोबत हे द्या: तिच्या एकटीच्या नावाचं बँक खातं, त्यात थोडे पैसे. गाडी चालवता येणं. ११२ नंबर. नोकरी लागली की त्या २०१३ च्या कायद्याची माहिती. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, "काहीही झालं तरी आधी मला फोन कर, मी ओरडणार नाही" हा शब्द. हा शब्द दिलात तर तो पाळा. एकदा जरी तिच्या फोनवर "तू तिथं गेलीसच कशाला?" असं विचारलंत, तर पुढचा फोन येणार नाही.

आणि ज्यांना मुलगे आहेत त्यांना वेगळं सांगते. तुम्ही मला कधीच फोन करत नाही. "पोराला पुण्याला पाठवतोय, त्याच्यामुळं कुणाची लेक घाबरणार नाही ना?" असं मला आजवर एकानंही विचारलं नाही. रस्त्यावर अशी मुलं वाढली तर चिलखतं आपोआप हलकी होतील. ते काम मुलींच्या आईबापांच्या हातात नाही, ते तुमच्या हातात आहे.

शकुंतलाबाईंचं 'जुलूस' नावाचं एक व्हिडिओकाम आहे. त्यात चिलखत घातलेली एकच बाई अनेक होते आणि त्या सगळ्या मिळून चालतात. लहानपणी आमचाही घोळकाच होता, पण तो मान खाली घालून, लवकर घरी पोचायला निघालेला घोळका होता. आज इथं जमलेल्या आम्ही मुली, हो, मुलीच म्हणणार, पंचेचाळिशीच्या आसपास आलो तरी, आम्हांला तसा दुसरा घोळका करायचा आहे. त्यासाठी एक प्रस्ताव मांडून थांबते.

स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेला वॉटर कूलर द्यायचं ठरतंय, जरूर द्या. त्यासोबत दर वर्षी नववीच्या दहा मुलींना दोन दिवस मुंबईला नेऊया. सोबत आपल्यातल्या दोघी-तिघी आणि शाळेतल्या एक बाई. पहिल्या दिवशी चित्रं बघायची. जहांगीर कलादालनाला तिकीट नाही, दारही उघडंच असतं. सर ज. जी. चं आवार बाहेरून तरी दाखवू, आपल्या गावच्या पोरीलाही तिथं जाता येतं हे तिला कळू दे. आणि दुसऱ्या दिवशी काहीही करायचं नाही. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायचं, भेळ खायची, समुद्र बघायचा. हातात पिशवी नाही, डोक्यावर पाटी नाही. परत आल्यावर चित्रकलेच्या सरांनी त्यांना स्मरणचित्र काढायला लावायचं. विषय कोणता द्यायचा ते सर ठरवतील.

पहिल्या वर्षाचा प्रवासखर्च माझ्याकडं लागला. पुढच्या वर्षांचं तुम्ही बघा. जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन मी दाराशी बसणार आहे, नाव लिहिल्याशिवाय कुणाला पंगतीत सोडणार नाही.

ज्या सरांनी आणि बाईंनी माझ्या वडिलांना घरी येऊन समजावलं होतं, "पोरीला पुढं शिकवा, आम्ही आहोत," ते दोघंही आज समोर बसले आहेत. सर, बाई, तुमच्या त्या एका खेपेमुळं मी इथं उभी आहे. तुम्हांला नमस्कार करते आणि माझे दोन शब्द संपवते.